डोळा मोजणारे हात

लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात २९ नोव्हेंबर १९४९ रोजी हॅरॉल्ड रिडली या नेत्रशल्यविशारदाने मोतिबिंदू काढलेल्या डोळ्यात जगातील पहिले कृत्रिम भिंग बसविले. वैद्यकाच्या इतिहासात या दिवसाला मोठे स्थान आहे आणि ते योग्यच आहे. तथापि त्या शस्त्रक्रियेची एक बाजू क्वचितच सांगितली जाते. जखम भरली, भिंग डोळ्यात टिकले, आणि रोग्याला चष्म्याचा नंबर लागला तो उणे अठरा! निसर्गदत्त भिंगाचा आकार पाहून ॲक्रिलिकचे भिंग घडविले गेले होते. परंतु ॲक्रिलिक प्रकाशकिरणांना अधिक वाकविते याचा हिशेब नीट धरला गेला नव्हता. शस्त्रक्रिया साधली होती, गणित चुकले होते. डोळ्याच्या शस्त्रक्रियेत कापण्याइतकेच मोजण्याला महत्त्व येणार, हे त्याच दिवशी ठरून गेले.

याच रुग्णालयात ८९ वर्षांपूर्वी, १८६० साली, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची परिचारिकांची शाळा सुरू झाली होती. हातात दिवा घेतलेली करुणामूर्ती म्हणून नाइटिंगेलबाई शालेय पुस्तकांत भेटतात. परंतु त्या जितक्या रुग्णसेविका होत्या तितक्याच आकडेवारीच्या जाणकार होत्या. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांनी कमी आणि रोगांनी अधिक मेले, हे त्यांनी मोजून दाखविले. लंडनच्या संख्याशास्त्र मंडळाने १८५८ मध्ये त्यांना सदस्यत्व दिले. तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला. रुग्णाची सेवा आणि रुग्णाची मोजदाद या त्यांच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. आजच्या नेत्ररुग्णालयांत मात्र एक विचित्र अवस्था दिसते. डोळ्याची लांबी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजली जाते. पण ती मोजणारी बाई गेल्या वर्षी येथे होती काय आणि पुढच्या वर्षी असेल काय, याची नोंद ठेवणारे रुग्णालय शोधावेच लागेल.

जाड चष्म्याचे दिवस

ज्यांनी साठ-सत्तरच्या दशकांतील नेत्रशिबिरे पाहिली आहेत त्यांना तो देखावा आठवत असेल. शाळेच्या वर्गांत किंवा धर्मशाळेत सतरंज्या अंथरलेल्या, डोळ्यांना हिरव्या पट्ट्या बांधलेले म्हातारे ओळीने निजलेले, आणि पट्टी सुटली की प्रत्येकाच्या नाकावर जवळजवळ सारखाच, बाटलीच्या तळासारखा जाड भिंगांचा चष्मा. मोतिबिंदूसह डोळ्यातील भिंगच काढून टाकले जाई आणि त्याच्या जागी अधिक दहा नंबरचा चष्मा दिला जाई. त्या चष्म्यातून वस्तू सुमारे पाव पटीने मोठ्या दिसत, बाजूचे दिसत नसे, आणि चष्मा फुटला की माणूस पुन्हा आंधळा होई. पण एक गोष्ट खरी: या पद्धतीत फारसे मोजावे लागत नसे. सर्वांना साधारण एकच माप चाले.

कृत्रिम भिंगाने हे सारे बदलले. तरी ते आपल्याकडील गरिबाच्या आवाक्यात यायला बराच काळ जावा लागला. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने १९९२ मध्ये अरोलॅब ही संस्था काढून भिंगे देशातच बनविण्यास आरंभ केला, आणि परदेशी भिंगाच्या किमतीच्या लहानशा अंशात ती मिळू लागली. शिबिरातील शेतकऱ्यालाही भिंग बसू लागले. त्याबरोबर एक नवी जबाबदारी आली. चष्मा चुकला तर बदलता येतो. डोळ्यात बसविलेले भिंग चुकले तर ते बदलण्यासाठी डोळा पुन्हा उघडावा लागतो, आणि शिबिरातून गावी परतलेला म्हातारा त्यासाठी पुन्हा येत नाही. तो म्हणतो, ‘नशिबात तेवढेच दिसायचे होते.’

कोणत्या डोळ्याला किती शक्तीचे भिंग लागेल हे काढण्याचे एक सोपे सूत्र अमेरिकेतील सँडर्स, रेट्झलाफ आणि क्राफ या तिघांनी १९८० च्या सुमारास दिले. भिंगाच्या जातीनुसार ठरलेला एक स्थिरांक घ्यावयाचा, त्यातून डोळ्याच्या मिलिमीटरमधील लांबीची अडीचपट वजा करावयाची, आणि पारपटलाच्या म्हणजे कॉर्नियाच्या वक्रतेच्या अंकाची ०.९ पट वजा करावयाची. आता याहून सूक्ष्म सूत्रे आली आहेत. परंतु मर्म तेच आहे. दहावीच्या विद्यार्थ्याला सोडविता येईल असे हे गणित. त्याचे उत्तर सर्वस्वी अवलंबून असते ते दोन मोजमापांवर, आणि त्यांतील लांबीच्या पुढे तर अडीचचा गुणक बसलेला आहे. प्रौढ माणसाचा डोळा सरासरीने साडेतेवीस मिलिमीटर लांब असतो. त्यात एका मिलिमीटरची चूक झाली तर शस्त्रक्रियेनंतरच्या नंबरात अडीच ते तीन डायॉप्टरची चूक येते.

ही लांबी आपल्याकडील असंख्य रुग्णालयांत आजही ध्वनिलहरींनी, म्हणजे ‘ए-स्कॅन’ने मोजली जाते. डोळ्यात बधिर करणारा थेंब टाकतात, रोग्याला समोर पाहावयास सांगतात आणि पेन्सिलीच्या जाडीची एक कांडी पारपटलाला अलगद टेकवितात. कांडीतून निघालेली ध्वनिलहर डोळ्याच्या मागच्या पडद्यावर आपटून परत येते, तिला लागलेल्या वेळावरून यंत्र लांबी सांगते. येथे ‘अलगद’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. कांडी किंचित दाबली गेली तर मऊ पारपटल आत जाते, डोळा तेवढ्यापुरता आखूड होतो, आणि यंत्र आखूड डोळ्याचेच माप प्रामाणिकपणे छापते. मग सूत्र जरुरीपेक्षा अधिक शक्तीचे भिंग सुचविते आणि रोगी शस्त्रक्रियेनंतर लघुदृष्टी होऊन बसतो: हातातली पोथी दिसते, बांधावरचे गुरू दिसत नाही. उलट चूक झाली तर जवळचेही नाही आणि दूरचेही नाही. कांडी तिरकी टेकली, रोग्याने नजर हलविली, पूर्वी दृष्टिपटलाच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात सिलिकॉनचे तेल भरले होते हे कागदपत्रांत पाहावयाचे राहून गेले, तरी आकडा येतोच. त्या तेलातून ध्वनी सावकाश जातो, त्यामुळे डोळा आहे त्याहून लांब असल्याचे यंत्र सांगते. दशांश चिन्हानंतर दोन अंक असलेला, दिसावयास अत्यंत विश्वासार्ह असा तो आकडा असतो.

मुरलेला हात आणि नवखा हात यांतील फरक येथे दिसतो. मुरलेली सिस्टर पडद्यावरील उंच-सखल रेषा वाचते. पारपटलाचा सुळका, भिंगाच्या पुढच्या आणि मागच्या बाजूंचे दोन सुळके, दृष्टिपटलाचा सरळसोट उभा सुळका, आणि त्याच्यामागे नेत्रगोलाच्या भिंतीचा. शेवटचा सुळका दिसला नाही तर लहर डोळ्याच्या मज्जातंतूवर पडली आहे, माप व्यर्थ, हे तिला कळते. ती पाच-सहा वेळा मोजते, सर्वांत आखूड आलेल्या मापांकडे संशयाने पाहते, आणि दोन डोळ्यांच्या लांबीत ०.३ मिलिमीटरहून अधिक तफावत दिसली तर दोन्ही डोळे पुन्हा मोजते. यांपैकी कोणतीही गोष्ट गुप्त विद्या नव्हे. सारे पुस्तकात लिहिलेले आहे. पण बोटांचा दाब पुस्तकातून येत नाही. तो शेकडो डोळ्यांनंतर येतो, आणि बाई निघून गेली की तिच्याबरोबर जातो.

हे केवळ आपल्या शिबिरांचे दुखणे आहे असे कोणी समजू नये. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत २००३ ते २०१० या काळात चुकीचे भिंग बसविले गेल्याच्या १६४ घटना नोंदल्या गेल्या होत्या, आणि ज्यांचे कारण समजू शकले त्यांत चुकलेल्या मोजमापाचा क्रमांक सर्वांत वरचा होता. तेथे अशा चुका कळविण्याची रीत आहे म्हणून त्या मोजता तरी आल्या.

यावर व्यवस्थापकांचे ठरलेले उत्तर असे की, आता प्रकाशाने मोजणारी यंत्रे आली आहेत, त्यांत डोळ्याला स्पर्शच करावा लागत नाही. हे खरे आहे. १९९९ मध्ये बाजारात आलेल्या या यंत्रांनी मोजमापाची अचूकता पुष्कळ वाढविली. परंतु प्रकाशाला आरपार जाता आले पाहिजे, ही त्यांची मूळ अट आहे. आणि मोतिबिंदू पूर्ण पिकून पांढरा झाल्यावरच दवाखान्याची पायरी चढणाऱ्या रोग्यांची आपल्या देशात वाण नाही. नेमक्या त्याच रोग्यापुढे महागडे यंत्र हात टेकते आणि पुन्हा ती कांडी बाहेर काढावी लागते. म्हणजे ज्याचा आजार जुना, ज्याचे गाव दूर आणि ज्याला पुन्हा येणे अवघड, त्याचाच डोळा हाताच्या कौशल्यावर सर्वाधिक विसंबून राहतो. यंत्र घेतल्यामुळे कांडीचा सराव कमी झाला असेल तर त्याची अवस्था पूर्वीहूनही वाईट व्हावयाची.

काचबिंदूच्या बाबतीत माप चुकल्याचे तर रोग्याला कळतही नाही. डोळ्यातील दाब सामान्यतः पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरपर्यंत असतो. बर्नचे प्राध्यापक हान्स गोल्डमन यांनी १९५० च्या दशकात तयार केलेले टोनोमीटर आजही या मापनाचा मानदंड समजले जाते. ३.०६ मिलिमीटर व्यासाचे एक सपाट टोक पारपटलावर टेकवून, ते सपाट करण्यास किती जोर लागतो हे पाहावयाचे. रोग्याने श्वास रोखला, पापण्या आवळल्या, सदऱ्याची गळपट्टी घट्ट असली तर दाब वाढलेला दिसतो. पापणी वर धरताना तपासणाऱ्याचे बोट नेत्रगोलावर टेकले तरीही तसेच. पारपटल पातळ असेल तर दाब खरा असतो त्याहून कमी दिसतो. यंत्राची शून्यावरची तपासणी महिनोन्महिने झालेली नसेल तर सर्वांचेच आकडे सारख्याच प्रमाणात चुकतात आणि कोणाला संशयही येत नाही. स्वीडनमधील एका दीर्घ अभ्यासात असे आढळले की, दाब एका मिलिमीटरने कमी राखला तर काचबिंदू वाढण्याचा धोका सुमारे दहा टक्क्यांनी घटतो. ज्या रोगात एकेक मिलिमीटर मोलाचा, त्यात दोन-तीन मिलिमीटर केवळ ढिलाईने इकडचे तिकडे होत असतील तर औषधोपचार कशाच्या आधारे चालला आहे असे म्हणावे? काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही.

मोजण्यावर किती अवलंबून असते याचे एक शासकीय उदाहरणही येथे नमूद करण्याजोगे आहे. डच डॉक्टर हर्मन स्नेलन यांनी १८६२ मध्ये तयार केलेल्या अक्षरतक्त्यावरून अंधत्व ठरविले जाते. भारतात पूर्वी ६/६० पेक्षा कमी दृष्टी म्हणजे अंधत्व अशी व्याख्या होती. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेशी जुळवून ती ३/६० पेक्षा कमी अशी करण्यात आली. या रेषेच्या अलीकडे असलेली माणसे एका आदेशाने अंधांच्या यादीतून बाहेर पडली. त्यांना कालच्यापेक्षा आज अधिक दिसू लागले असे मात्र नव्हे. नंतरच्या, २०१५ ते २०१९ मधील राष्ट्रीय पाहणीत अंधत्वाचे प्रमाण ०.३६ टक्के आढळले, आणि पन्नाशीपुढच्या अंधांत ६६.२ टक्क्यांच्या अंधत्वाचे कारण मोतिबिंदू हे होते. म्हणजे या देशातील अंधत्वाचा मोठा भाग अद्याप कांडी आणि सूत्र यांच्या टप्प्यातला आहे.

रुग्ण ज्यांना ‘सिस्टर’ म्हणतात

आता हे सारे मोजते कोण? रुग्णाच्या दृष्टीने पांढऱ्या किंवा निळ्या पोशाखातील प्रत्येक बाई ‘सिस्टर’च असते. प्रत्यक्षात त्या एका हाकेमागे तीन-चार वेगवेगळे वर्ग उभे असतात. परिचर्या परिषदेकडे नोंदलेल्या परिचारिका बहुधा वॉर्ड आणि शस्त्रक्रियागृह सांभाळतात. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला तेव्हा नेत्रचिकित्सा साहाय्यकांची पदे निर्माण झाली. दोन वर्षांचे शिक्षण घेतलेले हे कर्मचारी प्राथमिक आरोग्य केंद्रांतून आणि ग्रामीण रुग्णालयांतून दृष्टी तपासतात. शहरांतून दृष्टिमापनतज्ज्ञ आहेत. आणि धर्मादाय व खासगी नेत्ररुग्णालयांत रुग्णालयानेच शिकवून तयार केलेल्या मुली आहेत.

या शेवटच्या प्रकाराचा सर्वांत नावाजलेला नमुना पुन्हा अरविंदचाच. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये अवघ्या अकरा खाटांवर ते रुग्णालय काढले. संधिवाताने बोटे वाकडी झालेल्या या माणसाने हजारो डोळ्यांवर शस्त्रक्रिया केल्या. हाताचे मोल त्यांना कोणी सांगण्याची आवश्यकता नव्हती. खेड्यांतील बारावी झालेल्या मुली निवडून, त्यांना दोन वर्षे शिकवून, मोजमापापासून शस्त्रक्रियेतील मदतीपर्यंतची कामे त्यांच्याकडे सोपविण्याची पद्धत तेथे रूढ झाली. डॉक्टरने केवळ डॉक्टरचेच काम करावे आणि बाकीचे शिकलेल्या हातांनी करावे, या विभागणीमुळेच तेथे इतक्या मोठ्या संख्येने आणि इतक्या कमी खर्चात शस्त्रक्रिया होऊ शकल्या. देशभरातील नेत्ररुग्णालयांनी हा कित्ता गिरविला. अनेकांनी मात्र त्यातील स्वस्ताई तेवढी उचलली आणि शिकविण्याची शिस्त मागे ठेवली, असे म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

कारण कमी शिकवून कमी पगारात ठेवलेली मुलगी टिकत नाही, आणि ती टिकत नाही म्हणून तिला अधिक शिकविण्यात रुग्णालयाला स्वारस्य उरत नाही. तीन महिन्यांत कांडी हातात, वर्ष-दीड वर्षात राजीनामा, पुन्हा नवी मुलगी. ‘मुलींची लग्ने होतात, त्याला आम्ही काय करणार?’ हा प्रश्न या संदर्भात नेहमी विचारला जातो. लग्ने शिक्षिकांचीही होतात आणि बँकेतील कारकून स्त्रियांचीही होतात. त्या नोकरी सोडत नाहीत, किंबहुना त्यांची नोकरी हा लग्न ठरताना गुण मानला जातो. फरक लग्नात नाही. नोकरीत पगार, बढती, पाळणाघर आणि परतण्याची वाट आहे की नाही, यात आहे.

गळती मोजावी कशी

गळतीचे मोजमाप हेही एक शास्त्र आहे, आणि तेही चुकीच्या हाती चुकते. समजा, एका नेत्ररुग्णालयात मोजमापाच्या कामावर दहा जणी आहेत आणि वर्षात पाच जणींनी काम सोडले. गळती पन्नास टक्के, असे वार्षिक अहवालात छापले जाईल. पण यात दोन अगदी निराळ्या गोष्टी दडलेल्या असू शकतात. पाच जुन्या बायका एकेक करून गेल्या असतील. तर अर्धे कसब गेले. किंवा एकाच जागेवर वर्षात पाच नव्या मुली येऊन गेल्या असतील आणि बाकीच्या नऊ जणी जिथल्या तिथे असतील. तर दोष त्या एका जागेत, तिच्या वरिष्ठात किंवा पाळीत शोधला पाहिजे. टक्केवारी एकच, दुखणी दोन. म्हणूनच ब्रिटनच्या आरोग्य सेवेत सोडून जाणाऱ्यांच्या प्रमाणाबरोबर ‘स्थैर्यांक’ काढतात: वर्षारंभी ज्या होत्या त्यांपैकी वर्षअखेरीस किती जणी आहेत? पहिल्या उदाहरणात हा अंक पन्नास येईल, दुसऱ्यात नव्वद.

लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील राइस, हिल आणि ट्रिस्ट यांनी कामगारांच्या गळतीचा अभ्यास करून १९५० मध्येच दाखवून दिले होते की, सोडून जाण्याचे प्रमाण पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असते, मग चलबिचलीचा काळ येतो, आणि तो निभावून नेणारा माणूस पुढे बहुधा स्थिरावतो. त्यांचा अभ्यास कारखान्याचा होता. पण परिचारिकेच्या बाबतीत तो ताडून पाहावयास काय हरकत आहे? कोणत्या महिन्यात मुली जातात एवढे जरी रुग्णालयाने लिहून ठेवले, तरी कोणत्या महिन्यात त्यांच्यापाशी बसून बोलावे हे कळेल.

शासकीय आणि मोठ्या सामान्य रुग्णालयांत आणखी एक गळती असते, ती कोणत्याही अंकात दिसत नाही. नेत्रविभागात तयार झालेली परिचारिका फेरबदलाच्या आदेशाने प्रसूती विभागात किंवा अपघात विभागात जाते. तिने नोकरी सोडलेली नसते, हजेरीपटावर तिचे नाव असते, पद भरलेले असते. डोळ्यांच्या विभागाने मात्र ती गमावलेली असते. ‘डोळ्यांचे काम हलके, तेथे कोणीही चालेल’ ही समजूत या फेरबदलामागे असते. रात्रपाळी कमी म्हणून काम हलके ठरत असेल तर घड्याळजीचे कामही हलकेच म्हणावे लागेल.

परिचारिका का जातात याचे उत्तर मात्र फारसे गूढ नाही. २९ जानेवारी २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाबाबत समिती नेमण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयांत शासकीय परिचारिकेइतके वेतन असावे आणि पन्नास खाटांहून लहान रुग्णालयांतही ते दरमहा किमान वीस हजार रुपये असावे, अशी शिफारस त्या समितीने केली. शिफारस राज्यांकडे गेली. केरळने दीर्घ आंदोलनानंतर २०१८ मध्ये किमान वेतनाची अधिसूचना काढली. इतरत्र बहुतेक ठिकाणी कागद कागदाच्या जागी राहिला. येथे ध्यानात घेण्यासारखे हे की, रोगी सकाळी येऊन संध्याकाळी घरी जात असल्यामुळे बहुसंख्य नेत्ररुग्णालये खाटांच्या हिशेबाने सर्वांत खालच्या पायरीवर बसतात, आणि रुग्णालयाने स्वतःच शिकविलेल्या, परिषदेकडे नोंद नसलेल्या मुली तर त्या पायरीवरही नाहीत. महाराष्ट्रात शासकीय रुग्णालयांतील परिचारिकांनी मे २०२२ मध्ये संप केला तेव्हा बाह्य यंत्रणेमार्फत भरती करण्यास विरोध ही त्यांची प्रमुख मागणी होती. अकरा महिन्यांच्या करारावर आलेल्या हाताने बाराव्या महिन्यासाठी कौशल्य कमवावे, ही अपेक्षा कोणत्या न्यायाने करावयाची?

दुसरीकडे जग तिला बोलावीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे २ कोटी ९८ लाख परिचारिका होत्या आणि आणखी ५८ लाखांची उणीव होती. सातांपैकी एक परिचारिका परदेशात जन्मलेली होती. आखाती देश, ब्रिटन, आयर्लंड येथे जाणारी केरळची किंवा महाराष्ट्राची मुलगी देशद्रोह करीत नाही. ती आपल्या श्रमाची योग्य किंमत घेते. तिला अडविण्यासाठी काही ठिकाणी सेवेचे करारपत्र लिहून घेणे, मूळ प्रमाणपत्रे कपाटात ठेवून घेणे असले प्रकार झाले. याला टिकविणे म्हणत नाहीत, डांबणे म्हणतात. आणि डांबलेला हात कांडी अलगद टेकवीत नाही.

टिकविण्याचा खरा अभ्यास अमेरिकेत झाला तो एका उलट प्रश्नातून. तेथील परिचर्या अकादमीने, सारीकडे तुटवडा असतानाही ज्यांच्याकडे परिचारिका येतात आणि राहतात अशी ४१ रुग्णालये निवडून, त्या का राहतात हे विचारले. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत उत्तरे साधी आली: पाळ्या ठरविताना विचारले जाते, प्रमुख परिचारिकेच्या शब्दाला व्यवस्थापनात वजन आहे, शिकण्याची आणि वर चढण्याची सोय आहे, डॉक्टर तिला सहकारी मानतात. पुढे २००२ मध्ये लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हानियातील १६८ रुग्णालयांची पाहणी केली. एका परिचारिकेवर एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णाचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी आणि परिचारिका कामाला विटण्याची शक्यता तेवीस टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. तिचा शीण आणि रुग्णाचा धोका हे एकाच तक्त्यात मांडून दाखविणे, हे त्या अभ्यासाचे मोठे कार्य होय.

नेत्रसेवेत असा तक्ता मांडणे इतर कोणत्याही शाखेपेक्षा सोपे आहे. शस्त्रक्रियेपूर्वी सूत्राने सांगितलेला नंबर कागदावर असतो. चार-सहा आठवड्यांनी प्रत्यक्ष लागलेला नंबर तपासता येतो. दोहोंतील अंतर म्हणजे मोजमापाची परीक्षा. ८५ टक्के डोळे अपेक्षित नंबरापासून एका डायॉप्टरच्या आत यावेत, असे प्रमाण ब्रिटनमध्ये २००९ मध्ये सुचविले गेले. हा आकडा ज्या वहीत लिहावयाचा त्याच वहीत, मोजणारी व्यक्ती या कामावर किती महिने आहे, एवढा एक रकाना वाढवावयाचा. त्याला खर्च नाही. वर्षभरात त्या दोन रकान्यांचे नाते काय आहे हे व्यवस्थापकाला दिसेल, आणि नवख्या हातांमुळे किती डोळे चुकले याची किंमत पगारवाढीच्या रकमेशी ताडून पाहता येईल. मात्र ही वही शिक्षेसाठी वापरली तर दुसऱ्याच महिन्यापासून तिच्यात सारे डोळे अचूक लिहिले जातील. चूक कळविणारीला दटावले नाही तरच चुका कळतात, हे ब्रिटनच्या त्या १६४ नोंदींवरून शिकण्यासारखे आहे.

राष्ट्रीय कार्यक्रमातील अनुदान स्वयंसेवी संस्थांना मिळत आले ते शस्त्रक्रियांच्या संख्येवर. संस्थेकडून जाणाऱ्या अहवालात रोग्याचे नाव येते, गाव येते, कोणता डोळा ते येते, भिंग बसविले काय ते येते. डोळ्याची लांबी आणि पारपटलाची वक्रता मोजून देणाऱ्या बाईचे नाव, ती किती वर्षे हे काम करीत आहे, आणि सहा आठवड्यांनी त्या डोळ्याला नेमका किती नंबर लागला, या तीन गोष्टी त्याच कागदावर आल्या तर कागद चार बोटे लांब होईल. नेत्रशिबिराच्या दिवशी सकाळी आठ वाजता एका खोलीत शंभर माणसे रांगेत बसलेली असतात, कांडी एक असते, आणि ती धरणारी मुलगी गेल्या महिन्यात रुजू झालेली आहे की गेल्या दशकात, हे रांगेतल्या कोणालाही ठाऊक नसते. आत शस्त्रक्रियेच्या टेबलाशी उभ्या असलेल्या शल्यविशारदालाही बहुधा नसते; त्याच्या हाती येतो तो केवळ आकडा.